कुंडीतला वाफसा आणि अनुभवी मंडळींचा सल्ला

बागकामाला नुकताच प्रारंभ केलेल्या वाचकांची पत्रे या वेळी मोठ्या संख्येने आली असून, आपण बागप्रेमींच्या एखाद्या गटात शिकत असल्याचे त्यांपैकी बहुतेकांनी आवर्जून लिहिले आहे. अशा गटात कोणी बिया देते, कोणी रोपे देते, कोणी स्वतः येऊन कुंडी पाहून जाते, आणि या आपुलकीबरोबर परस्परविरोधी सल्लेही नवशिक्याच्या पदरी पडतात. त्यांचे काय करावे, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात या ना त्या रूपात आला आहे. म्हणून पहिल्या दोन पत्रांना येथे अधिक जागा दिली आहे.

प्रश्न: मी सहा महिन्यांपूर्वी आठ कुंड्यांपासून सुरुवात केली. आमच्या गटातील एक ताई रोज सकाळी पाणी घालायला सांगतात, एक काका एक दिवसाआड पुरे म्हणतात, तर तिसऱ्या एका जाणकारांच्या मते पाने मलूल झाल्याशिवाय पाणी घालूच नये. तिघांच्याही बागा सुंदर आहेत. माझी मिरचीची दोन रोपे मात्र माती ओली असूनही मलूल पडली, खालची पाने पिवळी झाली, आणि मी आणखी पाणी घातल्यावर आठवड्याभरात ती गेली. मी कोणाचे ऐकायला हवे होते?

उत्तर: तिघेही आपापल्या बागेपुरते बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे, आणि आपली अडचण नेमकी तेथेच आहे. मातीच्या लहान कुंडीच्या भिंतींतूनही पाणी बाष्परूपाने जाते, प्लॅस्टिकच्या कुंडीतून तसे जात नाही. भरपूर ऊन आणि वारा लागणारी कुंडी एका दिवसात सुकते, तर सावलीतली तेवढीच कुंडी चार दिवस ओली राहते. एखाद्याच्या मिश्रणात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, अधिक असते, एखाद्याची माती चिकण असते. रोज पाणी घालणाऱ्या ताईंच्या कुंड्या बहुधा लहान किंवा उन्हातल्या असतील. म्हणून ‘किती दिवसांनी’ या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले, तर त्यांना आपण लगेच उलट विचारावे: आपली कुंडी केवढी, कशाची, तिला ऊन किती तास लागते आणि मातीत काय काय मिसळले आहे? या चार गोष्टी कळल्या की त्यांचा अनुभव आपल्याला आपल्या कुंडीशी ताडून पाहता येतो.

पाने मलूल होईपर्यंत थांबण्याचा सल्ला मात्र नवशिक्याने मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मलूल पडलेले पान दोन अगदी विरुद्ध गोष्टी सांगू शकते आणि आपल्या बाबतीत तेच झाले. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने सतत भरलेल्या राहिल्या, तर मुळांना प्राणवायू मिळत नाही, त्यांचे काम मंदावते, आणि पिथियम किंवा फायटोप्थोरासारख्या मुळे कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना आयतीच संधी मिळते. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे भोवती पाणी असूनही पाने तहानलेली दिसतात. ती पाहून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळेही जातात. भर दुपारी खाली लोंबणारी आणि सायंकाळी आपोआप सावरणारी पाने मात्र वेगळी. कडक उन्हात पानांतून जाणारे पाणी मुळे तेवढ्या वेगाने पुरवू शकत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असतो आणि त्यासाठी घाईने झारी उचलण्याचे कारण नसते.

मातीत ओल आहे, पण पोकळ्यांमध्ये हवाही खेळते आहे, या अवस्थेला आपल्याकडील शेतकरी ‘वाफसा’ म्हणतात. या एका शब्दात पाण्याविषयीचे निम्मे शास्त्र सामावलेले आहे आणि कुंडीलाही तो तितकाच लागू पडतो. तो ओळखायचा तर बोट सुमारे पाच सेंटीमीटर मातीत घालावे. तेथे माती गार लागते, बोटाला थोडीशी चिकटते, परंतु दाबली असता पाणी सुटत नाही, तर वाफसा आहे. त्या दिवशी पाणी घालू नये. तेवढ्या खोलीवर माती कोरडी लागली की तळाच्या छिद्रांतून पाणी बाहेर येईपर्यंत सावकाश घालावे आणि खालच्या ताटलीत साचलेले पाणी ओतून द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडल्याने वरचा थर तेवढा ओला दिसतो आणि खालची मुळे कोरडीच राहतात. लहान कुंड्यांसाठी आणखी सोपी परीक्षा म्हणजे पाणी घातल्यावर कुंडी एकदा उचलून वजन हाताला ओळखीचे करून घेणे. पंधरा दिवसांत हात इतका सरावतो की बोट घालण्याचीही गरज उरत नाही.

पुन्हा असा प्रसंग आल्यास, ओल्या मातीत मलूल पडलेले रोप हळुवार बाहेर काढून मुळे पाहावीत. कार्यरत मुळी पांढरी आणि टणक असते. कुजलेली मुळी तपकिरी, मऊ असते, चिमटीत धरून ओढली तर तिची साल सुटून येते आणि तिला कुबट वास येतो. पांढरी मुळी थोडी जरी शिल्लक असेल, तर कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने कापून, रोप हलक्या, निचऱ्याच्या मिश्रणात लावून काही दिवस सावलीत ठेवावे आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नये.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालावा, असे आपल्यालाही कोणी सांगितले असेल. हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला आहे, परंतु तो उपयोगी नाही. बारीक कणांच्या मातीतून पाणी मोठ्या पोकळ्यांच्या खडीत सहजी उतरत नाही. खडीच्या वरची माती जवळपास पूर्ण भिजल्यावरच ते खाली जाते. त्यामुळे कायम ओला राहणारा थर तळाऐवजी वर, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ सरकतो आणि मुळांना मिळणारी माती तेवढी कमी होते. तळाला पुरेशी छिद्रे, माती वाहून जाऊ नये म्हणून त्यांवर जाळीचा किंवा खापरीचा तुकडा, आणि वरपासून खालपर्यंत एकच भुसभुशीत मिश्रण एवढे पुरेसे आहे.

प्रश्न: गटातील सर्वजण अतिशय प्रेमाने मदत करतात, पण मला प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो. एकदा धीर करून ‘माझे रोप पिवळे पडत आहे, काय करू?’ असे विचारले, तर दहा जणांनी दहा उपाय सांगितले. मी त्यांतील चार एकाच आठवड्यात केले आणि रोप आणखी बिघडले. आता पुन्हा कसे विचारावे?

उत्तर: संकोच बाजूला ठेवावा, हे मी मनापासून सांगते. माझ्या पहिल्या वर्षी मिरचीच्या रोपांचा एक पूर्ण ट्रे माझ्या हातून गेला, तेव्हा मी ती गोष्ट तीन आठवडे कोणालाही सांगितली नाही आणि त्याच ट्रेमध्ये, त्याच मातीत पुन्हा बी पेरून दुसरी खेपही गमावली. पुढे गटातील एका वयस्कर बाईंनी ट्रे उलटा करून दाखवला. तळाची छिद्रे मातीने पूर्ण बुजलेली होती. विचारले असते तर ते पहिल्याच दिवशी कळले असते.

नवशिक्यांच्या प्रश्नांना हौशी अनुभवी माणसांनीच उत्तरे द्यावीत, या कल्पनेवर एक मोठा उपक्रम उभा राहिला आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात विद्यापीठाच्या विस्तार विभागाकडे, म्हणजे शेती-बागेचे ज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या शाखेकडे, नागरिकांच्या बागेविषयीच्या प्रश्नांचा ओघ तेथील कर्मचाऱ्यांना आवरेनासा झाला, तेव्हा 1970 च्या दशकाच्या आरंभी बागप्रेमींनाच प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत लोकांना सल्ला देण्याची ‘मास्टर गार्डनर’ ही पद्धत सुरू झाली आणि पुढे ती इतर राज्यांतही पसरली. प्रशिक्षणाच्या बदल्यात या मंडळींनी ठरावीक तास स्वयंसेवा करायची असते. सांगायचे ते एवढेच की, आपला प्रश्न कोणावर ओझे नसतो. अनुभवी माणसाचे शिकणेही अशा प्रश्नांमुळेच चालू राहते.

प्रश्न नेमका विचारला, तर उत्तरेही दहांवरून दोन-तीनवर येतात. रोप कोणते, ते कधी लावले, ऊन किती तास मिळते, शेवटचे पाणी आणि शेवटचे खत कधी व किती दिले, आणि हा बदल अचानक झाला की हळूहळू, हे एका दमात सांगावे. छायाचित्र दाखवायचे असल्यास तीन तरी असावीत: संपूर्ण रोप कुंडीसह, बिघडलेल्या पानाची वरची बाजू आणि त्याच पानाची खालची बाजू. बरेचसे किडे पानाच्या खालीच बसतात आणि नवशिक्यांच्या छायाचित्रांत नेमकी तीच बाजू नसते.

पिवळेपणाविषयी सर्वांत मोलाची माहिती म्हणजे तो कोणत्या पानांवर आहे. नत्र रोपाच्या शरीरात हलू शकते. ते कमी पडले की रोप जुन्या पानांतून ते काढून नव्या पालवीला देते, म्हणून खालची जुनी पाने आधी सर्वांगाने फिकी होतात. लोह तसे हलत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते आणि त्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. बऱ्याचदा मातीत लोह असतेही, पण माती अल्कधर्मी असल्याने किंवा मुळांशी पाणी साचल्याने रोपाला ते घेता येत नाही. पाणी जास्त झाल्यावरही खालची पाने पिवळी पडतात, म्हणून खताचा विचार करण्यापूर्वी मातीत बोट घालून पाहावे. तळाचे एखादे जुने पान अधूनमधून पिवळे होऊन गळणे मात्र स्वाभाविक आहे. त्याची चिंता करू नये.

आपण चार उपाय एकत्र केले, येथेच खरी चूक झाली. रोप सावरले असते तरी ते कशाने सावरले, हे आपल्याला किंवा गटाला कधीच कळले नसते. एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत तारखेसह लिहावा आणि किमान सात ते दहा दिवस वाट पाहावी. पिवळे झालेले जुने पान सहसा पुन्हा हिरवे होत नाही. सुधारणा पाहायची ती नव्याने येणाऱ्या पानांत.

प्रश्न: कोथिंबीर दोनदा पेरली, पण उगवली नाही. टोमॅटोचे बी छान उगवले, परंतु रोपे एकेक करून जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडली. बी खराब असेल का?

उत्तर: टोमॅटोचे बी चांगलेच होते. जमिनीलगत देठ पाण्यासारखा मऊ आणि दोऱ्यासारखा बारीक होऊन रोप आडवे पडणे, हा रोपमर रोग आहे. तो मातीतील बुरशीसदृश जीवांमुळे होतो, आणि दाट पेरणी, सतत ओला पृष्ठभाग व कोंडलेली हवा त्याला पोसतात. आडवे पडलेले रोप वाचत नाही. ते काढून टाकून उरलेल्यांना मोकळी हवा द्यावी. पुढच्या वेळी ट्रे साबणाने धुऊन घ्यावा, बी विरळ पेरावे, पाणी ट्रेच्या खालून शोषले जाईल असे द्यावे आणि दोन पाण्यांच्या मध्ये वरचा थर किंचित सुकू द्यावा. रोपे लांबट आणि पांढुरकी झाली असतील तर त्यांना उजेडही कमी पडला होता.

कोथिंबिरीसाठी पेरतो तो धन्याचा गोल दाणा म्हणजे दोन बिया कवटाळून बसलेले एक फळ असते. तो तळहाताने हलके रगडून दोन भाग करावेत. मात्र चिरडू नये. रात्रभर भिजवून सुमारे एक सेंटीमीटर खोल, आणि जिथे वाढवायची त्याच जागी पेरावे, कारण कोथिंबिरीचे सोटमूळ पुनर्लागवडीत दुखावते. ती एक ते तीन आठवडे घेते आणि कडक उष्णतेत नीट उगवत नाही. आपण कदाचित ती उगवण्यापूर्वीच माती उकरली असेल. बियांविषयी तरीही शंका असल्यास दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून, झाकलेल्या डब्यात ठेवून मोजावेत. सात उगवले तर बी वापरण्याजोगे आहे, दोनच उगवले तर नवे घ्यावे. बी किती खोल पेरावे याचा सर्वसाधारण अंदाज म्हणजे बियाच्या जाडीच्या दोन ते तीन पट. लेट्यूससारखे अगदी बारीक बी मातीने जवळपास झाकूच नये, कारण त्याला उगवायला प्रकाश लागतो.

प्रश्न: मिरचीच्या कोवळ्या शेंड्यांवर हिरवे बारीक किडे आहेत आणि पानेही मुडपली आहेत. गटात कोणी कडुनिंबाचे तेल सांगते, कोणी साबण, कोणी ताक, कोणी राख. सर्वांत प्रभावी काय?

उत्तर: ते किडे मावा असावेत, आणि माव्यावर सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे तो थोडा असतानाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने, शेंडा दुसऱ्या हाताने आधार देऊन धुऊन काढणे. दोन-तीन दिवसांच्या अंतराने तीनदा केले की बहुतेक वेळा पुढे काही लागत नाही. त्याने भागले नाही, तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून थोडा सौम्य द्रवरूप साबण घालून सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूस फवारावे. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, तिने पाने करपतात. आधी दोन पानांवर फवारून एक दिवस वाट पाहणे श्रेयस्कर.

पानांचा मुडपा नीट पाहावा. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले असेल तर संशय फुलकिड्यांवर जातो. कडा खाली वळून ती होडी उलटी झाल्यासारखी दिसत असेल तर कोळी नावाची अतिसूक्ष्म, रस शोषणारी कीड कारणीभूत असते. हे दोन्ही जीव डोळ्यांना जेमतेम दिसतात, म्हणून गटातील कोणाकडे भिंग असल्यास अवश्य मागून घ्यावे. मुंग्यांची रांग रोपावर चढताना दिसली तर तीही थांबवावी, कारण माव्याने सोडलेल्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याची राखण करतात. आणि काळसर, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी दिसणारी अळी माव्यात फिरत असेल तर तिला मारू नये. ती लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी असून मावा हेच तिचे खाद्य आहे. ती दिसल्यावर मी स्वतः फवारणी पुढे ढकलते.

प्रश्न: काकडीच्या वेलाला भरपूर फुले येतात आणि सगळी गळून पडतात. एक मैत्रीण म्हणते, पोटॅश कमी आहे.

उत्तर: फुलांचे देठ पाहावेत. काकडीच्या बहुतेक वाणांत नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी इवली काकडी असते, नर फुलाच्या मागे नुसता देठ. सुरुवातीचा आठवडा-पंधरवडा बहुतेक नर फुलेच येतात आणि ती गळणारच, त्यात रोपाचा काही दोष नाही. मादी फुले येऊनही त्यांच्या मागची काकडी पिवळी पडून गळत असेल, तर मधमाश्या पोहोचत नसाव्यात. अशा वेळी सकाळी ताजे नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावा. खताचा विचार त्यानंतर करावा.

प्रश्न: वर्षभर मी गटाकडून बिया, फांद्या, सल्ला सगळे घेतच आले आहे. आता माझ्याकडे काही रोपे चांगली वाढली आहेत. मी परत काय देऊ शकते, आणि माझे बी इतरांना द्यावे का?

उत्तर: अवश्य द्यावे, पण कोणते बी, हे पाहून. टोमॅटो आणि घेवडा यांच्यापासून सुरुवात करावी. या दोन्हींत परागीभवन बहुतांशी फुलातल्या फुलातच होते, त्यामुळे संकर होण्याचा धोका कमी असतो. घेवड्याची शेंग वेलीवरच वाळू द्यावी. टोमॅटोचा गर बियांसह दोन-तीन दिवस आंबवून, बियांवरचा बुळबुळीत थर सुटल्यावर धुऊन सावलीत वाळवावे. मूळ पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-1’ लिहिले असेल तर त्याचे बी वाटू नये. उगवेल खरे, पण पुढची पिढी आईसारखी निपजेल याची खात्री नसते. काकडी आणि भोपळ्यांचे बी नवशिक्याने न दिलेले बरे. मधमाश्या एका वेलाचा पराग दुसऱ्यावर नेतात, आणि भोपळ्याचा शोभेच्या किंवा रानटी भोपळ्यांशी संकर झाल्यास त्या बियांच्या फळांत कडू विषारी द्रव्ये उतरू शकतात. असे फळ कडू लागले तर ते शिजवूनही खाऊ नये.

फांद्या देताना आधी स्वतःच्या रोपाची पाने खालून तपासावीत, आणि कोणाकडून आलेले रोप दोन-तीन आठवडे इतरांपासून दूर ठेवावे. पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी दिसणारी रसशोषक कीड, एका घरातून दुसऱ्या घरी जातो तो बहुतेक वेळा अशा प्रेमाने दिलेल्या भेटीतूनच, आणि हे वेगळे ठेवणे कोणाला अविश्वास वाटू नये म्हणून गटाने ती सर्वांसाठीचीच रीत करावी, असे मला वाटते.

याखेरीज, कोणी गावाला गेल्यास त्यांच्या कुंड्यांना पाणी घालण्याचे काम घ्यावे. दुसऱ्याच्या मातीत आठ दिवस बोट घातल्याने आपली स्वतःची पारखही वाढते. आणि आपली वही सर्वांना पाहू द्यावी. अनुभवी माणूस काय करतो हे त्याला सवयीने सांगता येत नाही, पण आपण एका वर्षापूर्वी कोणत्या ठिकाणी अडलो होतो हे आपल्याला अजून स्पष्ट आठवते, आणि गटात उद्या येणाऱ्या नव्या माणसाला तेच हवे असते. बियांच्या पुडीवर वाणाचे नाव, बी धरल्याचा महिना व वर्ष, आणि आपल्याकडे ते रोप किती तासांच्या उन्हात, केवढ्या कुंडीत वाढले, एवढे मात्र न विसरता लिहावे.